यमुनाबाई आणि तिसरं मत

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्यांचं नाव यमुनाबाई. आईवडिलांचं ऋण असतंच, ते कुणी वेगळं सांगत नाही. पण उमरेडच्या पुढच्या खेड्यातून, बाजारात दोरखंड विकणाऱ्याच्या घरातून आलेला, चारचौघांत बोलायची वेळ आली की घशात भाताचा गोळा अडकल्यासारखा उभा राहणारा मुलगा आज नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, हे यमुनाबाईंचं काम आहे. त्यांना तसं म्हटलं की त्या हात झटकतात. "म्या काही नाही केलं. म्या फक्त तुह्या पाठीचा बाक काढला."

एम.ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा मी हुडकेश्वरला खोली बघायला गेलो होतो. दार उघडलं ते ऐंशीच्या पुढच्या, काटकुळ्या, ताठ बाईंनी. भाडं, पाणी, वीज यांतलं काहीच त्या बोलल्या नाहीत. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बाही लांब आहे, खांदा पडेल आहे अन् हिंमत आखूड आहे. खोली वर आहे. पोट आत घे अन् चढ."

मी पोट आत घेतलं आणि चढलो. पुढची चार-पाच वर्षं मी त्याच खोलीत राहिलो.

बाई कुठलीही गोष्ट रंगमंचावर असल्यासारखीच करायच्या. डावीकडच्या शेजारणीला त्या 'डावी विंग' म्हणायच्या, उजवीकडच्या वकिलांना 'उजवी विंग'. दोघांनीही ते मान्य केलं होतं. बँकेत पेन्शन घेतली की त्या खिडकीपासून दारापर्यंत उलट पावलांनी, हसतमुखाने, मान किंचित झुकवून जायच्या. "समोर मानसं बसली असली तं पाठ दाखवून जायचं नाही," असा त्यांचा नेम. पहारेकरी आधीच दार उघडून उभा राहायचा. मी सोबत असायचो तेव्हा मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. एकदा कॅशियरने टाळी वाजवली. बाई थांबल्या, नमस्कार केला आणि मग बाहेर पडल्या.

रस्ता ओलांडणं हे तर प्रकरणच वेगळं होतं. हुडकेश्वर वाढत होतं. सिमेंटचे मिक्सर, ई-रिक्षा, शाळांच्या गाड्या, सगळं एकाच वेळी धावायचं. बाई कडेला उभ्या राहून डोळे अर्धे मिटायच्या, पायाने ताल धरायच्या, आणि "तीन, चार, चल!" म्हणून समेवर पाऊल टाकायच्या. समेवर टाकलेल्या पावलाला धडक बसत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. एकदा एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून ओरडला, "ए आजी, मरना है क्या?" बाई रस्त्याच्या मधोमध थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तूच बेताल आहेस गा!"

माझ्या नोकरीची मुलाखत ठरली तेव्हा मी त्यांना दोन-तीन उत्तरं म्हणून दाखवली. त्यांनी कानाला हात लावला. "कोनासंग बोलून राहिला तू? सदऱ्याच्या गुंडीसंग?" आमच्या घराला लागून पिठाची चक्की होती. बाईंनी मला चक्कीच्या अलीकडे उभं केलं, स्वतः पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. चक्की चालू असताना माझं उत्तर त्यांना ऐकू गेलं पाहिजे, ही अट. गेलं नाही की त्या निशाणासारखा पदर हलवायच्या, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. महिनाभर मी गव्हाच्या धुराळ्यात लोकसाहित्याची व्याख्या ओरडत होतो. दळण घेऊन आलेल्या बायका डबे खाली ठेवून ऐकायच्या. चक्कीवाला राजूभाऊ माप टाकता टाकता म्हणायचा, "सर, काल तुमचा तिसरा मुद्दा चांगला झाला होता. आज खाऊन टाकला."

मुलाखतीच्या खोलीत चक्की नव्हती, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुरू केलं तसा शेजारच्या खोलीतला कारकून कोणाचं भांडण लागलं म्हणून पाहायला आला. अध्यक्षांनी कानावरचा हात काढला आणि बाकीच्यांना म्हणाले, "घ्या यांना. मागच्या बाकावरची पोरं जागी तरी राहतील." संध्याकाळी मी पेढे घेऊन आलो तेव्हा राजूभाऊने गिऱ्हाईक उभं असताना चक्की बंद केली. ही चक्की अशी बंद झालेली गल्लीने पहिल्यांदाच पाहिली.

हे सगळं बाईंकडे आलं होतं ते 'पुडाच्या वडी'मधून.

नागपूरकराला पुडाची वडी सांगावी लागत नाही. इतरांसाठी सांगतो. बाहेरून बेसनाचं पातळ आवरण, आत कोथिंबीर, खोबरं, खसखस आणि ज्याला जे सुचेल ते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तिघांनी मिळून त्याच नावाचा एक कार्यक्रम बसवला होता. त्याला कथा नव्हती. एक गाणं, मग एक नक्कल, मग नाच, मध्येच भांडण, पुन्हा गाणं. टांग्याच्या घोड्याने मालकावर केलेला दावा, तोही सबंध गाण्यात, हा त्यातला सर्वांत गाजलेला भाग. गाणी लिहायचे दिगंबरराव. ते टपाल खात्यात होते. चाली लावायचे महाल भागातले किसन मास्तर. त्यांचा लग्नाचा बँड होता, त्यामुळे त्यांची कितीही दुःखी चाल शेवटी वरातीवर जायची. आणि नाच, कपडे, पडदा हे सगळं यमुनाबाईंचं.

दिगंबररावांचा स्वभाव असा की ते प्रत्येक गोष्टीला विरोध करायचे. नावाला त्यांचा विरोध होता: "ऐकून लोक उपाशी येतील आणि चिडून जातील." मध्यंतराला विरोध होता: "बाहेर गेलेला माणूस घरीच जातो." टाळ्यांना विरोध होता, कारण पुढची ओळ बुडते. त्यांच्या गाण्याची कोणी स्तुती केली तर त्यालाही ते विरोध करायचे. पण चहाच्या तिसऱ्या कपापर्यंत ते वळायचे आणि म्हणायचे, "बरं, होऊ द्या."

"विरोध केल्याबिगर त्याले भूकच लागत नव्हती," बाई सांगायच्या.

तिघांचे नेमही दिगंबररावांनीच घातलेले. कुठलाही प्रस्ताव टपालानेच यायचा. "तोंडी प्रस्तावावर भांडण होतं, टपालाच्या प्रस्तावावर विचार होतो," हे त्यांचं वाक्य. तिघं एका खोलीत बसल्याशिवाय बैठक नाही. आणि तिघांचंही मत बाजूने पडल्याशिवाय ठराव मंजूर नाही.

हे दिगंबरराव मी जन्मायच्या आधीच वारले. बैठका मात्र चालू राहिल्या.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बाईंना स्कूटरवरून महालात किसन मास्तरांकडे न्यायचो. बाई मागे एका अंगावर बसायच्या आणि हातात दिगंबररावांची काळी छत्री धरायच्या. मास्तरांच्या खोलीत तीन खुर्च्या असायच्या, तीन कप चहा यायचा. तिसऱ्या खुर्चीत छत्री उभी ठेवली जायची. आलेला प्रस्ताव बाई वाचायच्या. कुठल्या शाळेला एक गाणं हवं असायचं, कुणाला घोड्याचा दावा आपल्या संमेलनात करायचा असायचा. मास्तर मत द्यायचे. बाई द्यायच्या. मग बाई छत्रीकडे वळून विचारायच्या, "दिगंबरराव, तुमचं काय म्हननं?" दिगंबरराव घसा खाकरायला जितका वेळ घ्यायचे तितका वेळ सगळे गप्प बसायचे. मग बाई जाहीर करायच्या, "विरोध."

अशा रीतीने दिगंबरराव गेल्यापासून एकही ठराव मंजूर झाला नव्हता. छत्रीची मोडलेली काडी बदलून घ्यावी, असा प्रस्ताव मास्तरांनी एकदा टपालाने पाठवला होता. तोही पडला.

मी नवीन होतो तेव्हा विचारलं होतं, "पण बाई, ते तिसऱ्या कपाला वळायचे ना?"

"मग? पाजला नाही काय आम्ही? एक डाव तीन कप ठेवले त्याच्या म्होरं. तिन्ही थंडे झाले." बाईंनी उसासा टाकला. "जित्ता मानूस वळते गा. मेलेला कसा वळन?"

नोकरी लागली, लग्न झालं, मी दुसरीकडे राहायला गेलो. पण बाईंकडे जाणं चालूच होतं. एका दुपारी आम्ही गच्चीवर कार्यक्रमाचे जुने कपडे ऊन दाखवायला पसरत होतो. घोड्याची शेपटी झटकता झटकता मी सहज विचारलं, "बाई, हे सगळं समोरून कसं दिसायचं हो?"

 त्यांनी एका झग्याची घडी मोडून पुन्हा घातली.

"म्या कुठं पाह्यलं?" त्या म्हणाल्या. "कधी पायात घुंगरू, कधी तोंडात टाचन्या, कधी हातात पडद्याचा दोर. अख्खी पुडाची वडी म्या केली गा. चव नाही पाह्यली."

त्या दिवशी मी ठरवलं की बाईंना पहिल्या रांगेत बसवून 'पुडाची वडी' दाखवायची. माझ्या वर्गातली पोरं उत्साही होती. बाई दर शनिवारी कॉलेजात यायला लागल्या आणि त्यांनी सगळा कार्यक्रम पोरांना पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकवला. मी गोंधळलो. "बाई, याला ठराव नको?"

"शिकवायले ठराव लागत नाही. दाखवायले लागते."

त्यामुळे आमच्याकडे एक संपूर्ण तयार कार्यक्रम होता, जो कोणालाही दाखवता येत नव्हता. एका हुशार पोराने सुचवलं, "आजी, आपण तालीमच लोकांसमोर केली तर?" बाईंनी त्याच्या गालाला हात लावला. "त्याले चोरी म्हनते, बेटा."

त्यातच किसन मास्तरांच्या मुलीने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. दिवाळी झाली की कायमचं. मास्तरांचे गुडघे गेले होते, महालातला जिना त्यांना उतरवत नव्हता. मास्तर पुण्याला गेले की तिघं एका खोलीत बसणार नव्हते. म्हणजे बैठक नाही, ठराव नाही, आणि बाई 'पुडाची वडी' कधीच बघणार नव्हत्या. हातात दोन बैठका होत्या.

मी नेमाप्रमाणे टपालाने प्रस्ताव पाठवला. ऑक्टोबरचं ऊन होतं, मास्तरांच्या खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी माझा प्रस्ताव वाचला.

"बिलकुल!" मास्तर म्हणाले. "हे काय पूछायची बात आहे?"

"माहं मत, हो," बाई म्हणाल्या. चक्कीपलीकडूनही ऐकू यावा असा त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

मग त्यांनी छत्रीला विचारलं. आम्ही गप्प बसलो. आणि छत्री हलली. ती हळूच एका बाजूला कलली, तिची मूठ आमच्याकडे झुकली आणि ती खुर्चीतून खाली पडली.

मास्तर गुडघे विसरून उभे राहिले. "झुका! देखा? दिगंबर झुका! हो म्हणला!"

मी बाईंकडे पाहिलं. त्या छत्रीकडे पाहत होत्या. त्यांचा हात अर्धा पुढे आला होता.

"पंखा बंद करा," त्या म्हणाल्या.

"काहून वं यमुना? मान हलवली त्यानं!"

"मास्तर, पंखा बंद करा."

पंखा बंद केला. छत्री पुन्हा उभी केली. पुन्हा विचारलं. आम्हा तिघांच्या कपाळावरून घाम गळत होता. छत्री शिपायासारखी ताठ उभी राहिली.

"विरोध," बाई म्हणाल्या.

मास्तर खाली बसले आणि रुमालाने तोंड पुसत राहिले. ते फक्त घाम पुसत नव्हते, असं मला वाटलं.

परतताना मी बाईंवर पहिल्यांदाच चिडलो. हुडकेश्वरला पोचून स्कूटर लावली आणि म्हणालो, "बाई, दिगंबरराव असते तर हो म्हणाले असते. हे तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"पन तो म्हनला नाही." त्या पायरीवर बसल्या आणि मलाही बसवलं. "आईक. तव्हा आमचं बहुमतावर चालत होतं. दोन मतं पडली का झालं. एक डाव थेटरचा ठेकेदार आला. म्हने, त्या वस्तीतली पोरगी मधात नाचली तं माह्या थेटरात मानसं येनार नाही. तिचा नाच कापा. ते वर्स तसंच होतं गा. आमी नुकतेच बौद्ध झालो होतो, लोकायले पोटात दुखत होतं. मास्तर भेले. लगीनसराई तोंडावर, बँड बंद पडला तं खायचं काय? ते म्हनले, एका दिवसापुरता कापू. ठराव आला. मास्तर हो म्हनले. म्या नाही म्हनली. उरला दिगंबर."

"आणि त्यांनी विरोध केला."

"तो तं कायलेही करे!" बाई हसल्या. "ठराव पडला. ठेकेदार म्हने, आता? दिगंबर म्हने, कापायचा ठराव पडला म्हनजे कापायचा नाही. कापायचा नाही म्हनजे होईन. त्याले आनखी कोनाची परवानगी लागत नाही. अन् म्या नाचली. मधात."

त्यांनी पायरीवर पायाने ताल धरला.

"दुसऱ्या दिवशी दिगंबरच प्रस्ताव घेऊन आला. टपालाचा नेम मंग झाला. म्हने, काल मी तुह्या बाजूनं होतो. उद्या माही मती फिरली तं? म्हनून आजपासून तिघायचं मत पाहिजे. दोघायनं मिळून तिसऱ्याले दाबायचं नाही. अन् मग सोताच्याच प्रस्तावाले विरोध केला त्यानं! सवयच ते. मास्तर अन् म्या दोघायनं मंजूर केला. बहुमताचा तो शेवटचा." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ज्या नेमानं पुढं माहे घुंगरू पायात राह्यले, तो नेम म्या मेलेल्या मानसावर मोडू? तो बोलू शकत नाही म्हनून आमी दोघं त्याले दाबू?"

 मी घरी आलो. पुढचे कितीतरी दिवस मी वर्गात भलतंच शिकवत होतो आणि पोरं मला न दाखवता येणाऱ्या नाचाच्या तारखा विचारत होती. शेवटी दिवाळीनंतरची शेवटची बैठक जवळ आली. ती होती रविवारी, आणि मंगळवारी मास्तर पुण्याला निघणार होते. बैठकीच्या आठवडाभर आधी मी टपाल कचेरीत जाऊन एक पाकीट घेतलं. हुडकेश्वर माझ्या घरापासून स्कूटरने वीस मिनिटांवर आहे, तरी पत्र टपालानेच टाकलं. ते असं होतं:

आदरणीय यमुनाबाईंना,

सविनय जय भीम.

येत्या रविवारच्या बैठकीत माझा पुढील प्रस्ताव ठेवावा, ही विनंती:

'पुडाची वडी हा कार्यक्रम यापुढे कधीही, कुठेही, कोणाच्याही हातून रंगमंचावर होऊ नये.'

प्रस्तावाच्या बाजूने मला एवढंच म्हणायचं आहे की पोरं अजून कच्ची आहेत. मधली रांग उडी घाईने मारते. घोडा झालेला मुलगा दाव्याच्या ऐन गंभीर कडव्यात हसतो. किसन मास्तरांनी भैरवीसाठी लावलेली चाल अजूनही वरातीवर जाते आणि पोरांना ती तशीच आवडते. असा कार्यक्रम लोकांसमोर न आलेला बरा. तरी मास्तरांनी आणि आपण या प्रस्तावाच्या बाजूने मत द्यावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

दिगंबररावांचं मत मी गृहीत धरत नाही, आपणही धरू नये. ते त्यांनाच विचारावं. घसा खाकरायला त्यांना पुरेसा वेळ द्यावा. पंखा बंद असावा.

तिघांच्या मताने प्रस्ताव मंजूर झाला, तर कपडे इस्त्री करून परत आणून देईन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही, हा शब्द देतो.

प्रस्ताव पडला, तर ठेकेदाराचा ठराव पडला तेव्हा दिगंबररावांनी त्याचा जो अर्थ लावला, तोच मीही लावीन. सोमवारी संध्याकाळी मोटार घेऊन येतो. आधी महालातून मास्तरांना घेतो. त्यांना जिना उतरवायला चार पोरं तयार आहेत. पहिल्या रांगेत तीन खुर्च्या मांडल्या आहेत, मधली आपली. छत्री सोबत आणावी.

पडदा ओढायला दोन मुली आहेत. टाचण्या त्यांच्या तोंडात असतील. कोणाचा झगा उसवला, कोणी पाऊल चुकलं, दिवे गेले, काहीही झालं तरी आपण उठून विंगेत यायचं नाही. आपण काहीही करायचं नाही, बाई. फक्त बघायचं.

आपला,
वरच्या खोलीतला